दुरुस्तीनंतरचा पिवळा दिवा

मोटारीची किल्ली फिरविली म्हणजे चालकासमोरील फलकावर लहान लहान दिव्यांची एक आरासच उजळते आणि दोन-चार सेकंदांत त्यांतील एकेक दिवा मालवत जातो. ही केवळ शोभा नव्हे. त्या अल्प अवधीत मोटारीतील निरनिराळ्या यंत्रणा आपापली तपासणी करीत असतात, आणि जिची तपासणी सुरळीत पार पडते तिचा दिवा विझतो. या दिव्यांपैकी एक पिवळा असून त्यावरील वर्तुळात ए. बी. एस. ही तीन रोमन अक्षरे असतात. तो विझला नाही, अथवा विझून गाडी चालू लागताच पुन्हा लागला, तर काय समजावे? आणि गाडी नुकतीच दुरुस्त करून आणलेली असताना तो लागला, तर शोधाला कोठून आरंभ करावा? एका खऱ्या घटनेच्या आधारे या प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

दिल्लीतील एका शाळेत पदार्थविज्ञान शिकविणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या मोटारीच्या पुढील डाव्या चाकातून घरघर ऐकू येऊ लागली. वेगाबरोबर ती वाढे, आणि गाडी उजवीकडे वळविली की अधिकच मोठी होई. कारण उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतो. चाकाचे बेअरिंग झिजल्याचे हे ठरलेले लक्षण होय. गॅरेजमध्ये जुने बेअरिंग काढून नवे बसविण्यात आले आणि घरघर थांबली. परंतु फाटकाबाहेर पडून गाडी शे-दोनशे पावले गेली नसेल, तोच पिवळा दिवा लागला. जुलै महिना होता. पावसाने रस्ते भिजलेले होते. आणि दोनच दिवसांनी त्यांना मुलाबाळांसह नैनितालला जावयाचे होते. काठगोदाम मागे पडले की तो रस्ता सर्वस्वी डोंगरातून, वळणांवळणांनी चढत जातो. म्हणजे ज्या यंत्रणेने आपण कामावर नसल्याचे कळविले होते, तिची गरज पडावी असाच तो प्रवास होता.

या यंत्रणेचे कार्य समजण्यासाठी प्रथम चाकाकडे पाहू. चाक लोळत असताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणापुरता रस्त्यावर स्थिर असतो. गाडी धावत असली तरी टायर घसरत नसतो. ब्रेक दाबला की चाकाची गती गाडीच्या गतीपेक्षा किंचित कमी होते आणि टायर अल्पसा सरकू लागतो. हा सरक शेकडा दहा ते वीसच्या आसपास असेतोवर रस्त्याची पकड उत्तम असते. ब्रेक त्याहून जोराने दाबला गेला तर चाक फिरावयाचे थांबते, पण गाडी थांबत नाही. ती ओल्या फरशीवरून ढकललेल्या पाटासारखी पुढे घसरत जाते. यातील मोठी हानी अशी की घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते. चालकाने सुकाणू कितीही फिरविले तरी गाडी आपल्या पूर्वीच्याच दिशेने जाते. डोंगरातील ओल्या वळणावर याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

ज्या चाकावर असा प्रसंग येऊ घातला असेल त्याच्यापुरता ब्रेकचा दाब क्षणभर सोडावयाचा, चाक पुन्हा फिरू लागले की परत दाबावयाचा, आणि हा क्रम सेकंदात अनेक वेळा चालवावयाचा, अशी ही युक्ती आहे. ती प्रथम विमानांसाठी योजली गेली. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाचे चाक जखडले तर टायर काही क्षणांत फुटतो. १९५० नंतरच्या काळात डनलॉप कंपनीचे मॅक्सारेट हे साधन विमानांवर रूढ झाले, आणि १९६६ साली इंग्लंडातील जेन्सन एफ. एफ. या मोटारीवर तेच बसविण्यात आले. ते पूर्णतः यांत्रिक होते. चारही चाकांवर विद्युत्कणीय पद्धतीने लक्ष ठेवणारी, जर्मनीतील बॉश कंपनीची यंत्रणा १९७८ साली मर्सिडीझच्या मोठ्या मोटारींवर आली, आणि आज प्रचारात असलेल्या यंत्रणा त्याच कुळातील आहेत. (ए. बी. एस. ही अक्षरेही मुळात एका लांबलचक जर्मन शब्दाची. इंग्रजी शब्दांनाही ती जुळली, हा योगायोग.) भारतात २०१८-१९ पासून नव्या मोटारींवर ही यंत्रणा असणे सक्तीचे झाले आहे. त्यामुळे हा पिवळा दिवा आता कोण्या धनिकाच्या गाडीपुरता राहिलेला नाही.

चाक जखडू लागले आहे हे यंत्रणेला कळते कसे? या प्रश्नाच्या उत्तरातच आपल्या दिव्याचे मर्म आहे. प्रत्येक चाकाजवळ बोटाएवढा एक संवेदक असतो. गॅरेजमध्ये त्याला सरळ सेन्सर म्हणतात. जुन्या प्रकारात चाकाबरोबर फिरणारे एक पोलादी दातेरी कडे असते, आणि त्याच्यासमोर सुमारे एक मिलिमीटरच्या फटीवर, तारेच्या वेटोळ्यात बसविलेला एक चुंबक असतो. दाता समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विजेचा एक स्पंद निर्माण होतो. मायकेल फॅरडे याने १८३१ साली शोधलेल्या नियमाचाच हा उपयोग होय. नव्या प्रकारात दात्यांचे काम चुंबकी कडे करते. रबरासारख्या पातळ पट्टीत उत्तर व दक्षिण ध्रुव आलटून पालटून ठसविलेले असतात, आणि पुष्कळदा ही पट्टी बेअरिंगच्या एका तोंडावरील धूळरोधक झाकणातच समाविष्ट असते. समोरचा संवेदक त्या ध्रुवांची ये-जा टिपतो आणि तारेतील प्रवाह सात व चौदा मिलिअँपिअर यांच्या दरम्यान खालीवर करून ती नियंत्रकास कळवितो.

थोडे गणित केले तर या व्यवस्थेची सूक्ष्मता ध्यानात येईल. समजा, कड्याला ४८ दाते, अथवा ध्रुवांच्या ४८ जोड्या आहेत, आणि चाकाचा परीघ १.९२ मीटर आहे. म्हणजे गाडी चार सेंटिमीटर पुढे गेली की एक स्पंद मिळतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला दहा मीटर जाते. तेव्हा प्रत्येक चाकाकडून सेकंदाला २५० स्पंद यावयास हवेत. तीन चाकांकडून अडीचशे येत आहेत आणि चौथ्याकडून अकस्मात साठच येऊ लागले, तर ते चाक जखडू लागले आहे असे नियंत्रक ताडतो. परंतु चौथ्याकडून मुळीच काही येत नसेल, ब्रेकवर कोणाचा पाय नसताना येत नसेल, तर मात्र नियंत्रक निराळा निष्कर्ष काढतो. आपल्याला मिळणारी माहितीच विश्वसनीय नाही असे ठरवून तो आपले काम थांबवितो आणि पिवळा दिवा लावतो. साधे ब्रेक तेव्हाही पूर्ववत चालू असतात. गेलेली असते ती फक्त चाके न जखडण्याची हमी.

आता पुन्हा गॅरेजमध्ये जाऊ. मिस्त्रीने चालकाच्या पायांजवळील सोळा टाचण्यांच्या खाचेत स्कॅनर जोडला. नियंत्रकाने आपल्या स्मृतीत एक दोषांक नोंदविला होता. अशा दोषांकांचा आरंभ सी या अक्षराने होतो, आणि पुष्कळ गाड्यांत सी ००३५ हा अंक पुढील डाव्या चाकाच्या संवेदकाच्या मार्गाचा असतो. पडद्यावर तशाच अर्थाचे शब्द उमटले. “मास्टरजी, सेन्सर गेला,” असे मिस्त्रीने सांगितले, आणि नवा सेन्सर मागविला. तो बसवून झाला, दोषांक पुसला, गाडी बाहेर काढली. पुन्हा शे-दोनशे पावलांवर दिवा हजर.

येथे जी चूक झाली ती फार सार्वत्रिक आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. दोषांक एखाद्या सुट्या भागाचे नाव सांगत नाही. तो एवढेच सांगतो की अमुक मार्गाने माहिती येत नाही. त्या मार्गात संवेदक आहे, त्याची तार आहे, तारेचा जोड आहे, संवेदक व कडे यांमधील फट आहे, कडे आहे, आणि दुसऱ्या टोकाला खुद्द नियंत्रकही आहे. यांपैकी कोणीही मुका झाला तरी अंक तोच उमटतो. मग आरंभ कोणापासून करावा? याला उत्तर आहे. कालपर्यंत दिवा लागत नव्हता आणि आज लागला. दरम्यान गाडीच्या ज्या भागाला माणसाचा हात लागला, तेथून आरंभ करावा. संवेदक नेमक्या त्याच दुपारी आपल्या मरणाने मेला असेल हे अशक्य नाही, पण काढता-घालताना काहीतरी बिघडले असेल ही शक्यता कितीतरी अधिक.

दुसरा एक पुरावा दिव्याच्या वागणुकीतच होता, आणि तो माझ्या स्नेह्यांच्या ध्यानात आला. किल्ली फिरविताच दिवा लागे, तपासणी होऊन विझे, आणि चाके फिरू लागल्यावरच पुन्हा लागे. गाडी उभी असताना नियंत्रक केवळ विजेचा मार्ग अखंड आहे की नाही हे पाहू शकतो. तार तुटलेली असती, अथवा जोड बसलेलाच नसता, तर दिवा विझलाच नसता. ज्या अर्थी तो विझत होता, त्या अर्थी मार्ग अखंड होता, पण त्यावरून स्पंद येत नव्हते. सर्व गाड्यांत हे लक्षण इतके स्वच्छ दिसत नाही. काही नियंत्रक एकदा दोष नोंदला गेला की चाकांकडून योग्य स्पंद मिळेपर्यंत दिवा विझूच देत नाहीत, आणि त्यामुळे दुरुस्ती बिनचूक झाली असूनही गाडी थोडी चालविल्याशिवाय दिवा जात नाही. या गाडीत मात्र ते दिसत होते.

त्यांनी मिस्त्रीला एक विनंती केली. दोषांक बाजूला ठेवून, चारही चाकांचा वेग स्कॅनरच्या पडद्यावर एकाच वेळी दिसेल असे करावयाचे, आणि एकाने गाडी सावकाश चालवावयाची. आकडे दिसू लागले : वीस, वीस, वीस आणि शून्य. गाडीचे चाक डोळ्यांदेखत फिरत होते, आणि नियंत्रकाच्या लेखी ते उभे होते. संवेदक नवा, तारेवर आवश्यक तो विद्युत्‌दाब पोहोचत असल्याचे मीटरवर दिसत होते, बैठक घासून स्वच्छ केलेली, त्यामुळे फट वाढण्याचेही कारण नव्हते. (जुन्या गाड्यांत संवेदकाखाली गंज साचून तो वर उचलला जातो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही घोटाळा होतो.) आता राहिले एकच. संवेदक ज्याच्याकडे पाहतो ते कडे.

जुने बेअरिंग भंगाराच्या परातीत पडलेले होते. स्नेह्यांनी ते पुसून घेतले आणि कानशीने घासलेल्या लोखंडाचा चिमूटभर कीस त्याच्या दोन्ही तोंडांवर भुरभुरविला. एका तोंडावरून कीस सहज झटकला गेला. दुसऱ्या तोंडावर तो चिकटून राहिला, आणि रांगोळीच्या बारीक रेघांप्रमाणे समान अंतरावरील पट्ट्यांची एक वर्तुळाकार माळ उमटली. मिस्त्री क्षणभर पाहतच राहिला. बेअरिंगची दोन्ही तोंडे वरून जवळजवळ सारखीच दिसतात. परंतु त्यांपैकी एकावरच चुंबकी कडे असते, आणि ते आत, संवेदकाच्या बाजूला यावे लागते. नवे बेअरिंग दाबयंत्राखाली बसविताना ते उलटे बसविले गेले होते. चाकाच्या दृष्टीने त्यात काहीच उणे नव्हते. ते निर्वेधपणे फिरत होते, आवाजही नव्हता. फक्त संवेदकासमोर कोरे झाकण फिरत होते, आणि ध्रुवांची माळ बाहेरच्या अंगाला, जेथे पाहणारे कोणी नाही, तेथे फिरत होती.

एकदा दाबून बसविलेले असे बेअरिंग परत काढताना काढण्याचा सारा जोर त्याच्या गोळ्यांवरून जातो व त्यांच्या मार्गिकांना खाचा पडतात. म्हणून ते पुन्हा वापरता येत नाही. तिसरे बेअरिंग आणावे लागले. हे नवे बेअरिंग खोक्यातून काढल्यावर प्रथम त्यावर चुंबकी कडे आहे की नाही हे पाहण्यात आले, आणि ते योग्यच झाले. कारण त्याच मापाचे, पण कडे नसलेले बेअरिंगही बाजारात मिळते, आणि ते बसविले तर दिवा याच रीतीने लागतो. मात्र नव्या बेअरिंगवर लोखंडाचा कीस टाकू नये. तो तेथेच चिकटून राहून पुढे त्रास देतो. चुंबकीय क्षेत्र दाखविणारा पातळ पत्रा गॅरेजसाठी मिळतो, तो नुसता वर धरला की पट्ट्या दिसतात. तो नसल्यास हलकी लोखंडी टाचणी दोन्ही तोंडांजवळ धरून पाहावी. ज्या तोंडाकडे ती किंचित ओढली जाते, ते आतले.

सर्वच दिवे असे उलट्या बेअरिंगमुळे लागत नाहीत, हे उघड आहे. चाकाशी काम करताना संवेदकाची तार आधाराच्या पकडीतून सुटून राहते आणि सुकाणू पूर्ण वळविले की ताणली जाते. अशा वेळी दिवा फक्त वळणावर लागतो. हातोड्याचा घाव बसून दातेरी कड्याला चीर पडते, किंवा एका चाकाला निराळ्या मापाचा टायर चढविला जातो. टायर लहान असेल तर तो मीटरला अधिक फेरे घेतो, आणि नियंत्रकाला ते चाक इतरांपेक्षा वेगाने पळताना दिसते. चीर पडलेल्या कड्याची एक खोडी सांगण्यासारखी आहे. पुष्कळदा दिवा लागतच नाही, पण गाडी अगदी थांबण्याच्या बेतात असताना, कोरड्या रस्त्यावरसुद्धा, ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरू लागते. चिरेपाशी एखादा स्पंद चुकतो, आणि कमी वेगात स्पंद मुळातच विरळ असल्यामुळे, चाक जखडले असा नियंत्रकाचा समज होतो.

जुन्या, वेटोळ्याच्या संवेदकाचा रोध मीटरने मोजून पाहता येतो. तो साधारणतः एक ते दोन हजार ओहमच्या दरम्यान भरतो. नव्या प्रकारच्या संवेदकावर हा प्रयोग करू नये. त्यात एक लहानसा विद्युत्कणीय मंडल असतो. मोजलेल्या आकड्यातून बोध तर होत नाहीच, उलट त्याला अपाय होण्याचा संभव असतो. आणि कोणत्याही प्रकारात, दोषांक पुसण्यापूर्वी तो कागदावर उतरवून घ्यावा. पुसून टाकल्याने दोष जात नाही, माहिती मात्र जाते.

हा सर्व खटाटोप चालू असताना, दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच गॅरेजमधील एका अनुभवी गृहस्थांनी निराळा तोडगा सुचविला होता : ब्रेक तर उत्तम लागत आहेत, मग फलक उघडून तेवढा दिवा काढून टाकावा. सूचना वाटते तितकी विरळ नाही. साधे ब्रेक उत्तम लागत होते हे खरेही होते, आणि कोरड्या सपाट रस्त्यावर तो फरक महिनोन्‌महिने जाणवला नसता. तो जाणवला असता एखाद्या ओल्या वळणावर, समोरून ट्रक आल्यावर, पाय पूर्ण जोराने ब्रेकवर पडताच. शिवाय दिवा काढला म्हणजे त्यानंतर होणारा दुसरा कोणताही बिघाडही मुकाच राहतो. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने म्हणूनच किल्ली फिरवून प्रथम हे पाहावे की पिवळा दिवा लागतो की नाही. जो दिवा आरंभी दोन-चार सेकंद लागतच नाही, त्याच्याविषयी संशय धरावा.

पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा तांबडा दिवाही लागला असेल, तर मात्र प्रश्न प्रवासाचा राहत नाही. गाडी बाजूला घेऊन थांबवावी. ब्रेक लावला म्हणजे गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागील चाके हलकी होतात. त्यांच्यावरील दाब त्या मानाने कमी ठेवण्याचे कामही आधुनिक गाड्यांत हीच यंत्रणा करते. ते बंद पडले तर मागील चाके पुढच्यांच्या आधी जखडू शकतात, आणि मग गाडी भोवऱ्यासारखी फिरते. तांबडा दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यानेही लागतो, किंवा हातब्रेक ओढलेला राहिल्याने. पण कारण कळेपर्यंत चाकांवर विसंबू नये.

याउलट, कोणताच दिवा न लागणे म्हणजे ब्रेक ठीक असणे, असेही नव्हे. दुरुस्तीत ब्रेकची नळी उघडली गेली आणि हवा आत शिरली तर पेडल दबदबीत लागते. ते पुरेसे घट्ट होत नाही. दिव्याला याची गंधवार्ताही नसते, कारण त्याची पाहणी मुख्यतः विजेच्या मार्गांची आहे. ही हवा यंत्रणेच्या झडपांत अडकली असेल, तर अनेक गाड्यांत स्कॅनरच्या साहाय्याने त्या झडपा चालवूनच ती बाहेर काढावी लागते. तेव्हा गॅरेजमधून निघताना गाडी उभी असतानाच ब्रेक दोन-तीनदा दाबून पायाने खात्री करून घ्यावी.

तिसरे बेअरिंग संध्याकाळी बसले. किल्ली फिरविताच दिवा लागला, विझला, आणि गाडी रस्त्यावर आली तरी विझलेलाच राहिला. पडद्यावर चारही आकडे हातात हात घालून चढत गेले : बारा, बारा, बारा, बारा. पुढे मागे कोणी नाही असे पाहून मिस्त्रीने ओल्या रस्त्यावर ब्रेक जोराने दाबला. पेडल पायाखाली थरथरले, गाडी सरळ रेषेत थांबली. नैनितालचा प्रवास ठरल्या दिवशीच झाला. नको असलेल्या सेन्सरचे आणि वाया गेलेल्या बेअरिंगचे पैसे कोणी द्यावयाचे यावर गॅरेजच्या मालकांशी थोडी बोलाचाली झाली, आणि अखेर ते निम्मे निम्मे वाटले गेले.

जुने बेअरिंग माझ्या स्नेह्यांनी मागून घेतले. ते आता त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असते. विद्युत्‌चुंबकत्वाचा पाठ आला की त्याच्या तोंडावर लोखंडाचा कीस भुरभुरवून ते वर्गात फिरविले जाते, आणि मुलांना पट्ट्या मोजावयास सांगतात. निम्म्या मुलांची मोजणी दर वर्षी चुकते. बरोबर मोजणाऱ्यांची मात्र शहाण्णव भरते, म्हणजे ध्रुवांच्या अठ्ठेचाळीस जोड्या.